भिंतीला सुटलेला घाम

नाही नाही, त्या दाराला हात लावू नकोस, भाऊ — ओल बघायची तर इकडून बघ, चौकटीपाशी बघ, रंगाला फोड आलेत, बोट लावलं की पापुद्रा सुटतो — पण दार नको. आत बाळंतीण आहे माझी, परका पुरुष आत जाईल कसा? आणि पुरुषाचं एक वेळ सोड, दार उघडलं की वारं शिरतं, ते वारं मला नको. बस त्या स्टुलावर. बिल्डरकडून आलास ना? नीलेश म्हणालाच होता, माणूस येईल ओल बघायला — म्हणणार हा, आणि अंधेरीला कामावर जाणार हा, मग येईल त्या माणसाशी भांडायचं कोणी? आईने. नाव काय म्हणालास? उत्तम. तर ऐक उत्तम, मी शाळेची पायरी चढले नाही, पण डोळे आहेत मला. त्र्याण्णवच्या दिवाळीत आम्ही इथे राहायला आलो, अजून जिन्यातला चुन्याचा वास गेला नाही आणि भिंत रडायला लागली! तुमच्या शेठने खाडीची खारट रेती घातलीन प्लास्टरात, दुसरं काय? मीठ पाणी ओढतं, हे माझ्या मिठाच्या बरणीलासुद्धा ठाऊक आहे.

पाइप? कुठला पाइप? मोरी-संडास त्या टोकाला, ही खोली मिठागरांच्या बाजूची, इथे नळ नाही, टाकी नाही, वर अजून एक मजला आहे म्हणजे गच्चीचंही पाणी नाही. आणि पौष चाललाय, बाबा, पाऊस दसऱ्याच्या आधीच गेला — मग पाणी येतं कुठून? तेच तर विचारायला तुला बोलावलंय, तू मलाच काय विचारतोस? — आतून की बाहेरून? आतून. बाहेरून भिंत सुकी खडखडीत, गॅलरीतून वाकून बघ. आतून मात्र पहाटे हात लावावा तर थबथब, ओघळ लागलेले असतात वरपासून खालपर्यंत. नीलेश-संचिताचा लग्नातला फोटो टांगलाय, काचेच्या आत पाणी शिरलं, दोघांची तोंडं पुसट झाली, नवरा कुठला आणि नवरी कुठली ते मुंडावळ्यांवरून ओळखायचं. आणि वर स्लॅबला थेंब लटकतात, मोती असावेत तसे, एकेक करून बाजेवर टपकतात. मग मी मच्छरदाणीवर प्लॅस्टिक घातलं. पोरीच्या अंगावर पडायला नको ना — दुधाचं पोर ते, नात आहे मला पहिली, परवा बारसं.

हसतोस कशाला? — काय, वाफ? वाफ भिंतीवर बसते म्हणतोस? गार भिंतीवर? हां, म्हणजे भाताच्या तपेल्याचं झाकण. झाकण उचललं की आतून पाणी निथळतं, ते मला तू सांगतोस, मी भात शिजवायला लागले तेव्हा तुझी आई पाळण्यातून उठली नव्हती! पण थांब — तपेल्यातलं पाणी तपेल्यातलंच असतं, म्हणजे तुझं म्हणणं पाणी माझ्याच घरातलं आणि तुमची भिंत बिचारी नुसती झाकण? वा रे वा! शेठने चांगला पढवून पाठवलाय. चोरी माझी, चोर मी, तुम्ही सगळे साव. उद्या म्हणशील आजी, श्वास घेऊ नका, श्वासातही वाफ असते. — असते? असते म्हणतोस? बरं.

बरं, धरलं तुझं खरं, आत काय काय आहे ते सांगते, मग तूच हिशेब कर. बाज आहे. बाजेखाली शेगडी. शेगडीवर तपेलं, त्यात निर्गुडीचा पाला टाकून पाणी ठेवते उकळत, सकाळ-संध्याकाळ बाळंतिणीची कंबर शेकायला. बाळाचे लंगोट-दुपटी आतच दोरीवर, बाहेर टाकले तर मिठागरावरची हवा त्यांना चिकट करते, वाळतच नाहीत. मधूनमधून निखाऱ्यावर ओवा आणि वावडिंग टाकते, धुरी देते पोरीला. कोळसे का म्हणतोस? मग काय गॅसवर शेकू बाळंतिणीला? लाकूड पेटवलं तर धूर होतो, त्या समोरच्या मंजुळाबेनने एकदा आरडाओरडा केलान, बिल्डिंगमें आग लगी, आग लगी — म्हणून कोळसा. कोळशाला धूर नाही, वास नाही, कोणाच्या नाकाला कळत नाही. शेगडी खारी गावातल्या लोहाराकडून करून आणली, लोखंडी, भरपूर मोठी. पहिली होती ती नीलेशने उचललीन आणि कचऱ्यात फेकलीन, आई हा फ्लॅट आहे, गाव नाही, असं तोंड वर करून बोलला. म्हटलं फेक. तू गेल्यावर घर माझं. आता तो निघाला की पेटवते आणि तो यायच्या आत गॅलरीत नेऊन विझवते — तू सांगू नकोस हं त्याला! भिंतीचं बोल, शेगडीचं बोलू नकोस.

खिडकी आहे की. ही तुमची सरकती खिडकी — कोणी शोधून काढलीन देव जाणे — बंद केली तरी फटीतून वारं शिट्टी मारत येतं, रात्रभर आपलं सूं सूं. गव्हाच्या पिठाची खळ केली, पेपर कापले आणि सगळ्या फटी बुजवल्या, एकावर एक दोन थर. वरती भिंतीला ती जाळी ठेवलीत ना तुम्ही, तिला पुठ्ठा ठोकला. दाराखाली घोंगडी खोचली, ती बघ, दिसते ना. आता मुंगी आत जाऊन दाखवू दे! त्या मंजुळाबेनला खोली दाखवायला नेलं, तर ती नाकाला पदर लावते आणि म्हणते, माँजी, थोडा हवा आने दो, छोकरी का दम घुटेगा. हिला दोन्ही वेळा बाळंतपणात पंखे लागले म्हणून सगळ्यांना पंखे! म्हटलं, बेन, तुमची थेपली तुम्ही लाटा, माझी बाळंतीण मी बघते.

अरे पण तू असा उठून उभा का राहिलास? बस. — हवा खेळती पाहिजे म्हणतोस? तूही तेच म्हण. खेळती हवा! हा शब्द काढलास ना तर माझ्या अंगाचा जाळ होतो, उत्तम. माझी सुलू होती. नीलेशच्या वरची, माझी मोठी. तिचं बाळंतपण गावी करायचं म्हणून मी बाज विणून ठेवली होती, पण तिच्या सासरची माणसं शिकलेली, त्यांनी तालुक्याच्या दवाखान्यात टाकलं. मोठी खोली, सगळ्या खिडक्या उघड्या, आणि बाजेच्या डोक्यावर पंखा गरगर. मी म्हटलं, बाई, पंखा बंद करा, ओली बाळंतीण आहे. तर ती डॉक्टरीण माझ्याकडे बघून म्हणाली, आजी, हवा खेळती पाहिजे. खेळली हवा. सुलूला हुडहुडी भरली, दात वाजायला लागले, मी माझं लुगडं सोडून तिच्यावर घातलं, आतल्या परकरावर उभी राहिले चार लोकांत — पंखा काही थांबला नाही. ताप आला तो तिला घेऊनच गेला. आणि डॉक्टर म्हणतात विषार झाला म्हणून गेली, वाऱ्याने नाही. त्यांना काय, सांगायला काहीही सांगतील. मी पंखा बघितलाय. तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या हाताखाली बाळंतीण आली तर वाऱ्याची सावली पडू देणार नाही तिच्यावर. संचिताची आई वारली, माहेर नाही तिला, म्हणून माझ्या हाती आली. नाहीतर तीही गेली असती कुठल्यातरी पंख्याखाली.

संचिता? आहे की बरी. डोकं दुखतं म्हणते. बाळंतिणीचं दुखतंच. काल ओकली एकदा, म्हटलं तूप जास्त झालं असेल. चालायला गेली तर भिंत धरते, पाय लटपटतात — अगं, बाळ जन्माला घातलंस, लटपटणारच. पण पोरगी जरा हट्टी. सारखं आपलं, आई, खिडकी उघडा, आई, मला गुदमरतंय. काल मी खाली भाजीला गेले तर ही बया बाळ घेऊन गॅलरीत! उघड्या डोक्याने! कानाला बांधलेलं फडकंसुद्धा नाही. खाडीचं वारं तोंडावर घेत उभी, आणि मला म्हणते कशी, आई, इथे आल्यावर डोकं एकदम हलकं झालं बघा. हलकं होणारच, वारं शिरलं की पहिलं हलकंच वाटतं. आज मग मी बाहेरून कडी लावली. तिच्या भल्यासाठी रे! तुला काय वाटतं, मला हौस आहे?

मगाशी, तू यायच्या आधी, एकदा वाजवलं तिने दार. म्हटलं वाजव. थोडा वेळ वाजवलंन, मग राहिली. आता कशी गुमान झोपलीय बघ. आणि नात तर गुणाची — सकाळी दूध प्यायली ती अजून आवाज नाही, रडली नाही, कुरकुर नाही. शेक चांगला मिळाला की मूल झोपतं.

अरे! अरे, बाजूला हो. हात काढ कडीवरून. तू नळाचा माणूस आहेस की डॉक्टर? ओल बघायला आलास, ओल बघ. माझ्या घरात मला शिकवतोस? आम्ही काय शेगडीने मेलो का? माझ्या सासूने चार सुनांची बाळंतपणं केलीन, शेगडीवरच, एक पोर गेलं नाही तिच्या हातून, एक! मी स्वतः तीन वेळा त्याच बाजेवर होते, संगमेश्वराकडे आमचं घर, जा विचार कोणालाही. थंडी म्हणजे इथली नव्हे, नदीवरून धुकं चढायचं अंगणात, आणि आत शेगडी फुललेली, मी आणि पोर मऊ उबेत, कधी डोकं दुखलं नाही की ओकारी आली नाही. तुमच्या सिमेंटपेक्षा आमचा कूड बरा होता!

कसलं घर म्हणजे? घरासारखं घर. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा हात फिरवलेला. दर वर्षी तडे जायचे, दर वर्षी लिंपायचो, तरी कुठूनतरी उजेड दिसायचाच. वर नळे — मातीचे, अर्धगोल, एकावर एक नुसते ठेवलेले, चुना नाही, सिमेंट नाही. माकडं नाचली की सरकायचे. दुपारी जमिनीवर उन्हाचे रुपयेच रुपये पडलेले असायचे, पोरं ते मुठीत धरायला धावायची. भिंत संपते आणि छप्पर लागतं त्याच्यामध्ये एवढी फट, तिथून मांजर यायचं. दाराच्या खालून कोंबडी यायची, पिल्लं घेऊन. आणि नदीपलीकडून येणाऱ्या माणसाला दिसायचं, छपराच्या अंगाअंगातून धूर निघतोय, घर कसं भाताच्या तपेल्यासारखं वाफाळलेलं — लोक तिथूनच म्हणायचे, ह्यांच्याकडे बाळंतीण आहे वाटतं. आणि बाज मांडायच्या आधी सासू काय करायची ठाऊक आहे? वेळूची काठी घ्यायची आणि बाजेच्या बरोब्बर वरचा एक नळा सरकवायची. पंजाएवढी फट. म्हणायची, सटवाई या वाटेने उतरते, पोराच्या कपाळावर लिहायला — तिला वाट ठेवली नाही तर रागावते आणि पोरच घेऊन जाते. आमच्या घरची रीतच होती ती, बाज हलेपर्यंत तो नळा कोणी जागेवर आणायचा नाही, पाऊस आला तरी. इथे सटवाईच्या रात्री मी वर बघते तर स्लॅब. नीलेश हसला, म्हणाला, आई, वर शहांचा फ्लॅट आहे, सटवाईला जिन्याने यायला सांग. मग मी नुसती पूजा केली, वाटेचं सोडून दिलं. काय करणार? स्लॅबला नळा कुठला?

काय? — नळा सरकवल्यावर काय व्हायचं म्हणजे? काय व्हायचं, वाट व्हायची. — धुराचं विचारतोस? धूर जायचा की. मी बाजेवर पडल्या पडल्या बघत असायचे, दुसरं काम काय बाळंतिणीला — शेगडीतून उठायचा, आधी डुलायचा, मग त्या फटीचा सुगावा लागला की सुतासारखा सरळ, वर, बाहेर. जणू कोणी वरून ओढून घेतोय. आणि तो वर जायला लागला की खाली दाराच्या बाजूने गार झुळूक यायची पायाला, नेमकी तेव्हाच. मी म्हणायचे, आत्ये, पायाला वारं लागतं. सासू माझ्या पायावर घोंगडी घालायची. दाराची फट कधी बुजवली नाहीन. कधीच नाही. घोंगडी पायावर घालायची, दाराखाली —

दाराखाली मी घातली.

थांब. थांब जरा, मला बोलू दे — ती म्हणायची सटवाईची वाट. मला वाटलं, सटवाईचीच. पण मग खालची फट कोणासाठी होती? कोंबडीसाठी? — इथे धूर नाही, कोळशाला धूर नसतो, पण धूर नाही म्हणजे काहीच नाही असं कसं होईल, विस्तव जळतो म्हणजे काहीतरी खातो आणि काहीतरी टाकतो — वाफ तरी भिंतीवर बसली म्हणून दिसली, जे दिसत नाही ते कुठे जातंय? वर स्लॅब. जाळीला पुठ्ठा. खिडकीला दोन थर. पाणी भिंतीवर बसलं, आणि ते — ते कुठे बसतंय, उत्तम?

संचिता! — ए संचिता! अगं ओ दे! — ओ देत नाही रे ही. संचिता, बाय, दार वाजव गो, मगाशी वाजवत होतीस तसं वाजव!

कडी काढ. अरे वर करून ओढ, वर! निघाली — ढकल — का उघडत नाही? घोंगडी ओढ आधी, ओढली, ओढली मी — दार फुगलंय मेलं, पाणी पिऊन फुगलंय, खांद्याने दे, अजून एक — देवा रे. काय हे, तोंडावर ओलं फडकं मारल्यासारखं. शेगडी उचल, नाही, शेगडी राहू दे, आधी खिडकी! पेपर फाड — निघत नाही? खळ वाळून दगड झालीय — काच फोड, फोड म्हणते ना, ते तपेलं घे आणि घाल काचेवर! हां. तू तिला धर, काखेत हात घाल, ओढ, गॅलरीत ने, मी पोर घेते. पोरीचं हे कानटोपरं काढते, फेकते. किती बांधलंय मी हिला, किती बांधलंय — गाठ सुटत नाही —

हलत नाही रे बाळ. डोळे मिटलेत. तोंड वाऱ्याकडे केलंय मी, बघ, वारं लागतंय, कपाळावरचे केस उडताहेत, पण — पाय चोळ, तू पाय चोळ, मी पाठीत चापट मारते. रड गो. रड माझे आई, भांड, शिव्या दे, काय हवं ते कर, पण रड. ए सटवाई, आता आली वाट, फोडली बघ मी वाट, सोड तिला —

— रडली. रडली ना? ऐकलंस तू? मला एकटीलाच नाही ना ऐकू आलं? परत रडली! रड, मोठ्याने रड, सगळी बिल्डिंग उठव.

आणि ही? संचिता, बघ माझ्याकडे. पापणी हलली हिची. वाऱ्यावर बसव नीट, कठड्याला टेकव, पदर काढ गळ्याभोवतीचा. ओकतेय, ओकू दे. डोळे उघडले! अगं बाय, किती गो मला घाबरवलंस — पाणी देऊ? काय म्हणतेस, मोठ्याने बोल, ऐकू येत नाही. — आहे, पोर आहे, माझ्याच मांडीवर आहे, ही बघ, हात हलवतेय. — दे? तुझ्याकडे? तुझ्या हातांत जोर कुठे आहे आत्ता, मी धरते की, तू जरा — बरं. बरं, ओरडू नकोस. घे. घे, बाई.

उत्तम, काय बघत उभा राहिलास? नाक्यावरून रिक्षा आण, दोघींना दवाखान्यात न्यायला हवं. आणि खाली उतरण्याआधी समोरचं दार ठोक, मंजुळाबेनला म्हणावं चल बरोबर, पोर धरायला कोणीतरी हवं. — मी? नाही, मी नाही. ती म्हणते, तुम्ही नको. तूही ऐकलंस की. मग मला काय विचारतोस? जा.